गाद्या कोणाच्या?

आमच्या हॉटेलात रात्री बारा वाजता तारीख बदलत नाही. मी बदलतो तेव्हा बदलते. बार बंद होऊन शेवटचं बिल येतं, दिल्लीच्या उशिराच्या विमानातले पाहुणे एकदाचे खोलीत जातात, रूम सर्व्हिसच्या पावत्या जुळतात आणि मग साधारण अडीच-पावणेतीनला मी सिस्टिममध्ये दिवस बंद करतो. तोवर कॉम्प्युटरच्या हिशोबाने कालचाच दिवस चालू असतो. बंद केला की भरलेल्या प्रत्येक खोलीच्या खात्यावर त्या रात्रीचं भाडं आणि जीएसटी चढतो, आणि आमच्याकडे उद्या उजाडतो.

हुद्दा नाइट ऑडिटर. आई शेजारी सांगते, "तो हॉटेलात रात्रीचा हिशोब बघतो." त्यावर समोरच्या मावशींनी मला विचारलं होतं, "रात्रभर चालू असतं होय रे? मिसळ कशी असते?" त्यांची काही चूक नाही. मराठीत हॉटेल म्हणजे खायला मिळतं ते. झोपायला मिळतं त्याला लॉज म्हणायचं, आणि पाटीवर 'लॉजिंग-बोर्डिंग' असं जोडीने लिहायचं.

पुण्यातलं आमचं हॉटेल २१० खोल्यांचं आहे. नाव लिहीत नाही, नोकरी करायची आहे अजून. माझ्या कोटावरच्या बिल्ल्यावर एका परदेशी कंपनीचं चिन्ह आहे. पगाराच्या स्लिपवर मात्र वेगळंच नाव येतं, पीएफही त्याच नावाने जमा होतो. नवीन लागलो तेव्हा मला वाटलं, स्लिप चुकून दुसऱ्याची आली. एचआरमधल्या मॅडम हसल्या. "ते मालक. बिल्ल्यावरचे चालवणारे."

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो चक्रावतो. सेनापती बापट रस्त्यावरचं जेडब्ल्यू मॅरियट मॅरियटच्या मालकीचं नाही. ते आहे व्हेन्टिव्ह हॉस्पिटॅलिटीचं, म्हणजे पुण्याच्या पंचशील आणि अमेरिकेच्या ब्लॅकस्टोनचं. डिसेंबर २०२४ मध्ये या कंपनीचे शेअर बाजारात आले. वाशीचं फोर पॉइंट्स, सहारचं जेडब्ल्यू मॅरियट ही रहेजांच्या शॅले हॉटेल्सची. पवईला तळ्याकाठी शॅलेचंच रेनेसाँ होतं, आता त्यावर वेस्टिनची पाटी आहे. मालक बदलला नाही, इमारत जागची हलली नाही, फक्त पाटी बदलली. मॅरियटच्या नावाने जगभरात नऊ हजारांवर हॉटेलं चालतात, त्यातली त्यांच्या स्वतःच्या मालकीची अगदी मोजकी.

मला यात नवल वाटलं नाही, कारण हाच प्रकार मी चौदाव्या वर्षी चौदा खोल्यांत बघितला होता.

माझ्या थोरल्या काकांचं, अण्णांचं, महाबळेश्वरला लॉज होतं. बाजारापासून थोडं खाली, दुमजली, जांभ्या दगडाचं. अण्णा आणि काकू स्वतः चालवायचे. अण्णा गल्ल्यावर, काकू स्वयंपाकघरात, आणि मे महिन्यात आम्ही सगळी पोरं वाईहून वर चढवलेली. बादल्या पोचवायच्या, चहा द्यायचा, उशांचे अभ्रे मोजायचे. स्टँडवर कमिशनवाले उभे असायचे. गिऱ्हाईक घेऊन आले की अण्णा त्यांच्या मुठीत नोट सरकवायचे आणि वहीत लिहायचे, 'स्टँड खर्च'. आता तो कमिशनवाला मोबाईलमध्ये जाऊन बसलाय आणि भाड्यातले पंधरा-वीस टक्के नेतो. वहीतली ओळ तीच.

महाबळेश्वरचं गणित विचित्र. पावसाळ्यात तिथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंती घाम आल्यासारख्या ओल्या असतात. पैसे मिळायचे ते दिवाळीत, नाताळात आणि एप्रिल-मे मध्ये. त्या शंभर-सव्वाशे दिवसांवर वर्ष काढायचं. सप्टेंबरच्या शेवटी ऊन पडलं की अण्णा पिंजाऱ्याला बोलवायचे. तो गच्चीवर बसायचा. अठ्ठावीस गाद्या एकेक करून उसवायचा, ओल खाऊन गोळे झालेला कापूस काढायचा, आणि धनुकलीचा तो 'टंग-टंग' आवाज दोन-तीन दिवस गल्लीभर. पिंजलेला कापूस आधी होता त्याच्या तिप्पट दिसायचा. आम्ही त्यात उड्या मारायचो आणि मार खायचो. अण्णा म्हणायचे, गिऱ्हाईक भिंतीचा रंग विसरतं, पाठ विसरत नाही.

१९९६ साली अण्णांचे गुडघे गेले. मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, तेव्हा इंजिनिअरिंगला. लॉज 'चालवायला' द्यायचं ठरलं. हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो. मुंबईतली निम्मीअधिक हॉटेलं-बार कोणीतरी कोणाकडून चालवायला घेतलेली असावीत, असा माझा अंदाज. वकिलांनी करारात 'भाडं' हा शब्द येऊ दिला नाही. 'लॉजिंगचा चालू धंदा चालवण्यास दिला आहे', असंच लिहायचं. कारण जुन्या मुंबई भाडे कायद्यात आणि नंतर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही, मालकाचा चालू धंदा चालवणारा माणूस 'लायसन्सी', म्हणजे परवान्याने जागा वापरणारा, धरला जात नाही. भाडेकरू म्हणून ठाण मांडून बसण्याची सोय त्याला राहत नाही. त्या एका वाक्यात मालकाची सगळी भीती आहे.

चालवायला घेणारा कराडकडचा होता. भला माणूस. डिपॉझिट दिलं, वर्षाची रक्कम तीन हप्त्यांत ठरली. पहिल्या वर्षी त्याने अण्णांपेक्षा जास्त धंदा केला. गुजरातच्या ट्रॅव्हल एजंटांशी संधान बांधलं, मेमध्ये खोलीत चार-चार माणसं घातली. अण्णा ओट्यावर बसून बघायचे आणि मनात आकडे मांडायचे. रक्कम ठरलेली होती, वरचं सगळं त्याचं.

सप्टेंबर आला. पिंजारी आला नाही.

अण्णांनी विचारलं, गाद्यांचं काय? तो म्हणाला, "अण्णा, गाद्या तुमच्या. मी वापरतोय फक्त." अण्णा म्हणाले, "मग वापरतोस तर भरून घे." तो म्हणाला, "आज भरून घेतो. पुढच्या वर्षी तुम्ही दुसऱ्याला दिलंत तर त्या गाद्यांवर कोण झोपणार?" दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. करार होता अकरा महिन्यांचा. अकरा महिन्यांचा माणूस तीन वर्षं टिकणारी गादी घेत नाही. आणि ज्याला ठरलेली रक्कम येणारच आहे तो मालक दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाच्या पाठीसाठी पैसे घालत नाही. मग गाद्यांची खालची बाजू वर केली गेली. पुढच्या वर्षी पुन्हा वरची खाली. तिसऱ्या वर्षी वास यायला लागला, कुबट, ओल्या गोणपाटासारखा. गुजरातच्या एजंटांनी दुसरं लॉज धरलं. कराडचे मामा हिशोब चुकता करून गेले, डिपॉझिटवरून थोडी तू-तू मैं-मैं झाली, आणि अण्णांच्या हाती अठ्ठावीस काळवंडलेल्या गाद्या राहिल्या.

आता आमच्या हॉटेलातला करार. त्याला मॅनेजमेंट काँट्रॅक्ट म्हणतात आणि तो अण्णांच्या कराराच्या बरोबर उलटा आहे. अण्णांकडे चालवणारा मालकाला पैसे द्यायचा. इथे मालक चालवणाऱ्याला पैसे देतो. जमीन मालकाची, इमारत मालकाची, कर्ज मालकाचं, पगार मालकाच्या खात्यातून. जनरल मॅनेजर मात्र नेमणार ब्रँड, म्हणजे बिल्ल्यावरची कंपनी, दर ठरवणार ब्रँड, नाश्त्याला किती प्रकारची फळं ठेवायची तेही ब्रँडच सांगणार. करार अकरा महिन्यांचा नसतो, वीस-वीस वर्षांचा असतो. मालकाला स्वतःच्या हॉटेलात जेवायचं असलं तरी काय सवलत मिळणार ते त्यात लिहिलेलं असतं. याहून पातळ प्रकार म्हणजे फ्रँचायझी, तिथे नाव आणि बुकिंगची यंत्रणा ब्रँडची, चालवायचं मालकाने किंवा तिसऱ्याच कोणीतरी.

समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल करतो, आमचे खरे नाहीत. समजा महिन्याला पाच कोटींचा धंदा झाला. त्यावर अडीच टक्के बेस फी, म्हणजे साडेबारा लाख, ब्रँडने आधी उचलले. नफा झाला की तोटा, याच्याशी तिचा संबंध नाही. मग पगार, भाजीपाला, वीज, लाँड्री असे चालवण्याचे सगळे खर्च जाऊन दोन कोटी राहिले. याला जीओपी म्हणतात, ग्रॉस ऑपरेटिंग प्रॉफिट. त्यावर आठ टक्के इन्सेंटिव्ह फी, सोळा लाख. शिवाय बुकिंग यंत्रणेचे, जाहिरातीचे, पाहुण्यांच्या पॉइंटांचे वेगळे पैसे. शिवाय धंद्याच्या चार टक्के, वीस लाख, पुढे सामान बदलायला म्हणून रिझर्व्हच्या खात्यात बाजूला. उरलं त्यातून मालमत्ता कर, विमा आणि बँकेचा हप्ता. साय आधी निघते, तळाशी काय राहिलं ते मालकाचं.

म्हणून सकाळी सहाला माझा रिपोर्ट दोन ठिकाणी जातो आणि दोन तऱ्हांनी वाचला जातो. मागच्या आठवड्यातल्या एका रात्री २१० पैकी १५३ खोल्या गेल्या, सरासरी दर ७४०० रुपये, म्हणजे रिकाम्या खोल्याही धरल्या तर खोलीमागे ५३९१. ब्रँडची माणसं या आकड्यावर खूश. मालकाच्या ऑफिसातून सव्वानऊला फोन आला, पाण्याचे टँकर सहा का आले म्हणून.

हा सगळा खेळ सुरू कुठे झाला याची मला एकदा उत्सुकता लागली आणि रात्रपाळीत वेळ असतोच. १९४९ साली पोर्तो रिकोच्या सान हुआन गावात तिथल्या सरकारने पर्यटन वाढवायला स्वतःच्या पैशांनी हॉटेल बांधलं आणि कॉनराड हिल्टन यांना चालवायला दिलं. चालवण्यातून होणाऱ्या नफ्याचे दोन हिस्से सरकारचे, एक हिल्टनचा. कॅरिब हिल्टन. हिल्टनना तिथे वीट विकत घ्यावी लागली नाही. मग १९५८ मध्ये हवानाला हिल्टन उघडलं, आणि याचा मालक कोण होता ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. क्यूबातल्या हॉटेल-खानावळीत राबणाऱ्या कामगारांचा पेन्शन फंड! वेटर आणि आचारी यांच्या म्हातारपणाच्या पैशांतून उभं राहिलेलं हॉटेल. वर्षभरात क्रांती झाली, फिडेल कास्त्रो त्याच इमारतीत मुक्कामाला आले, हिल्टनची पाटी उतरली आणि 'हबाना लिब्रे' नाव लागलं. हिल्टनचं नाव गेलं, इमारतीत अडकलेले पैसे मात्र कामगारांचे होते. आमच्या पीएफवाल्यांनी असलं काही मनात आणू नये एवढीच इच्छा.

पुढे १९९३ मध्ये मॅरियटने तर स्वतःचेच दोन तुकडे केले. इमारती आणि बहुतेक कर्ज होस्ट मॅरियटकडे, नाव आणि चालवण्याचे करार मॅरियट इंटरनॅशनलकडे. हुशारी कोणत्या तुकड्यात गेली ते सांगायला नको.

पण मालकाने हात आखडला तर नाव कितीही मोठं असो, काही चालत नाही. जून २०२१ मध्ये मुंबई विमानतळाजवळचं हयात रीजन्सी बंद झालं तेव्हा कामगारांना लावलेली नोटीस सगळ्या पेपरांत आली होती. एशियन हॉटेल्स (वेस्ट) या मालक कंपनीकडून पगाराला आणि हॉटेल चालवायला पैसे येत नाहीत, सबब काम थांबवत आहोत, असा तिचा मजकूर. माझे दोन जुने सहकारी तेव्हा फोनवर म्हणाले, "लोक विचारतायत, हयातकडे पैसे नाहीत? कसं सांगायचं त्यांना?" कोविडच्या त्या वर्षात आमच्याही लॉबीत दिवे अर्धेच लागायचे. मी ती नोटीस दोनदा वाचली.

आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे ताज. मुंबईचं ताज १९०३ साली उघडलं तेव्हा बांधणारे, मालक आणि चालवणारे एकच. पण दिल्लीतलं ताज मानसिंग नवी दिल्ली नगरपालिकेच्या जागेवर आहे. तेहतीस वर्षांची मुदत २०११ मध्ये संपली, मग मुदतवाढी, कोर्टकचेऱ्या, आणि शेवटी २०१८ मध्ये चक्क लिलाव. टाटांची इंडियन हॉटेल्स कंपनी स्वतःच चाळीस वर्षं चालवत असलेल्या हॉटेलसाठी बोलीला उभी राहिली आणि उत्पन्नाच्या ३२.५ टक्के देण्याच्या बोलीवर ते परत मिळवलं. अण्णा असते तर म्हणाले असते, वकील चांगला असणार नगरपालिकेचा.

मला मालक आणि ब्रँड यांच्या महिन्याच्या मीटिंगला एकदाच बसायला मिळालं, फायनान्स मॅनेजर रजेवर होते म्हणून. विषयपत्रिकेत सातवा मुद्दा होता, गाद्या. खरंच. ब्रँडच्या नियमाप्रमाणे बदलायची वेळ होऊन वर्ष गेलं होतं. २१० खोल्यांत मिळून २९० गाद्या, एकेक एकोणीस हजारांची, पंचावन्न लाखांच्या वर बिल. जनरल मॅनेजर साहेबांनी पाहुण्यांच्या तक्रारी पडद्यावर दाखवल्या. मालकांचे प्रतिनिधी, वयस्कर गृहस्थ, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मी काल रात्री ४१२ मध्ये झोपलोय. काही झालेलं नाही गाद्यांना." साहेब म्हणाले, रिझर्व्हमधून घेऊ. ते म्हणाले, रिझर्व्ह एसीच्या चिलरला गेला. साहेब म्हणाले, नियम आहे. ते म्हणाले, "नियम तुमचा, पैसे आमचे. टॉपर टाका वरून." टॉपर म्हणजे गादीवर घालायची पातळ गादी. मला एकदम कराडचे मामा आठवले आणि हसू दाबायला पाणी प्यावं लागलं. शेवटी दोन मजल्यांच्या गाद्या त्या वर्षी, दोन मजल्यांच्या पुढच्या, असं ठरलं. उरलेल्यांवर टॉपर.

वीस वर्षांचा करार असूनही गादी तिथेच अडकते, याचं मला तेव्हा खरंच आश्चर्य वाटलं. आता वाटत नाही. ब्रँडची फी धंद्यावर असते, म्हणून त्यांना नवी गादी हवी. खर्च मालकाच्या खिशातून, म्हणून त्यांना जुनी चालते. अण्णांकडे उलट होतं, धंदा चालवणाऱ्याचा आणि ठरलेली रक्कम मालकाची. करार कसाही फिरवा, झोपणारा कोणाच्याच बाजूचा नसतो.

अण्णा २०११ मध्ये गेले. लॉज आहे. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी इको-सेन्सिटिव्ह झोन झालं, तेव्हापासून नवीन बांधकाम अवघड, त्यामुळे असल्या जुन्या परवानगीच्या खोल्यांवर सगळ्यांचा डोळा. गेल्या महिन्यात चुलतभावाने, म्हणजे दादाने, व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. खाली निरोप: 'मोठी कंपनी आहे. आपल्या लॉजला त्यांची पाटी लावणार, ॲपवरून बुकिंग देणार. वाचून सांग.' सेहेचाळीस पानं.

दिवस बंद करून, रिपोर्ट तयार करून, साडेतीनला वाचायला घेतली. फी एकूण धंद्यावर, बावीस टक्के, आधी कापून. किमान हमी आहे, पण 'बाजाराची स्थिती पाहून' ती कमी करायचा अधिकार कंपनीचा. दर ठरवणार कंपनी. मालकाने कोणाला फुकट खोली दिली तर त्याचेही पैसे लागणार, म्हणजे वाईची मंडळी आता वर चढली तर बिल. जीएसटीचं मीच पेन्सिलने लिहिलं: सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला पाच टक्के, पण इनपुट क्रेडिट नाही, तेव्हा सामान घेताना भरलेला कर परत मिळणार नाही, खर्चात धरायचा. मग परिशिष्ट चार उघडलं. मला काय शोधायचं होतं ते मला माहीत होतं. 'मालकाच्या जबाबदाऱ्या' या शीर्षकाखाली, गिझर आणि टीव्हीच्या मधे, तिसऱ्या ओळीत होतं.

सात वाजता ड्यूटी संपली. पार्किंगमधून फोन लावला.

"वाचलंस?"

"वाचलं. बाकीचं घरी जाऊन सांगतो. गाद्या आपल्याच, दादा."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे पाऊस ऐकू येत होता, पत्र्यावरचा.

"सप्टेंबरात दोन दिवस सुट्टी टाक," तो म्हणाला. "अठ्ठावीस आहेत. ऊन पडलं की गच्चीवर काढू, आणि बघू किती कामाच्या निघतात."